बाल्कनीतलं एगनॉग

मंदार,

यंदाही बाटल्या आल्या. नाताळाआधीच्या पहिल्या आडव्हेंटच्या रविवारी सकाळी सईसाठी न्याहारीचे पाव, ब्रोट्शन, आणायला म्हणून दार उघडलं, तर पायपुसण्यावर तीन रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या, लेबलं खरवडून काढलेल्या. तळमजल्यावरच्या फ्राऊ लेहनरची उंच मानेची, समोरच्या जोडप्याची बुटकी आणि वरच्या मजल्यावरच्या दाढीवाल्या मास्तरांची हिरवी. दरवर्षी अशाच यायच्या. बेल नाही, चिठ्ठी नाही. मागच्या वर्षीचं संपलं, छान होतं, यंदाही चालेल, एवढा सगळा मजकूर त्या रिकाम्या बाटलीत असायचा. तू एकेक बाटली उजेडाकडे धरून बघायचास, आत पाण्याचा थेंब राहिलाय का, आणि म्हणायचास, ‘चला, ऑर्डरी आल्या.’

यंदा मला कळेना, ही ऑर्डर आहे की परतफेड. तू गेल्याचं तिघांनाही ठाऊक आहे. तिघेही येऊन माझा हात हातात धरून गेले, मास्तर तर जिन्यातच रडले. कदाचित त्यांनाही कळलं नसेल, या वर्षी बाटलीचं काय करायचं ते. दुसऱ्याची वस्तू घरात राहिली की या लोकांना झोप लागत नाही, हे तुझंच म्हणणं. मी बाटल्या आत घेतल्या आणि ओट्याखाली ढकलून दिल्या. डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. आता याचंही काहीतरी करावं लागणार, एवढंच मनात आलं, आणि मी तिथेच स्टुलावर बसले. ब्रोट्शन राहिलेच.

तू गेल्यापासून मी दुःखी किती आहे ते मला नीट सांगता येणार नाही. दमलेली किती आहे ते मात्र सांगता येईल. प्रत्येक सरकारी आम्टात आधी भेटीची वेळ, टेर्मिन, घ्यावा लागतो. टेर्मिनला गेलं की समोरची बाई आधी मनापासून वाईट वाटल्याचं सांगते आणि मग एक कागद कमी आहे म्हणते. तुझ्या मोबाइलचा करार बंद करायला तुझीच सही लागेल, असं एका पोराने मला फोनवर सांगितलं. काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो इतका गडबडला, की मलाच त्याची समजूत काढावी लागली. पुण्याहून फोन येतात ते नेमके माझ्या मीटिंगच्या वेळी. सगळे रडतात, मी ‘हो ना’ म्हणत राहते, शेवटी तेच म्हणतात, ‘स्वतःची काळजी घे गं.’ ती नेमकी कधी घ्यायची, हे कोणी सांगत नाही. दिवाळी आली नि गेली. पणत्यांचं खोकं तळघरातून, केलरमधून, वर आणलंच नाही. या वर्षी आपल्या घरात सण नाही, हे एका अर्थाने बरंच झालं. सण करायचं बळच नव्हतं अंगात.

आणि मग त्या बाटल्या. सईने त्या ओट्याखाली बघितल्या आणि म्हणाली, ‘पापाचं एगनॉग करायचं ना?’ ती जर्मनमध्येच म्हणाली. आता घरात ती जर्मनमध्येच बोलते, तू होतास तेव्हा निदान तुझ्याशी धेडगुजरी तरी चालायची. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. मी तिचं सगळं मराठीतच लिहितेय. तुला तिचा आवाज ऐकू येईलच.

मी म्हटलं, आजीला विचारून सांगते. वर्षभर सण करायचा नसतो, त्यात हे बसतं की नाही, कोणाला ठाऊक. आईंना फोन लावला. वाटलं होतं, नको म्हणतील आणि माझी सुटका होईल.

‘आपला सण असता तर नको म्हटलं असतं गं,’ आई म्हणाल्या. ‘हा त्यांचा. त्यांच्या सणाला आपलं सुतक कशाला? कर तू.’

‘अहो आई, पण मला येत कुठे ते? मी अंड्याला हात तरी लावलाय का कधी?’

‘सईला येत असेल. तिला करू दे. फक्त जायफळ बेताने घाला म्हणावं, तो फार घालतो.’

घालतो, म्हणाल्या. मागे पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि त्या निमित्ताने त्यांनी फोन ठेवला.

तुझं हे एगनॉग म्हणजे आपल्या संसारातली पहिली तडजोड, विसरला नसशील. लग्नाआधी वर्षभर तू कंपनीच्या कामाला अमेरिकेत होतास आणि तिथल्या घरमालकिणीकडून हे अंडं, साय नि रमचं नाताळचं पेय शिकून आलास. मी सांगलीच्या ज्या घरात वाढले, तिथे जेवताना अंडं हा शब्दसुद्धा कोणी काढायचं नाही. जर्मनीत आल्यावर एर्लांगेनमधल्या पहिल्या डिसेंबरात तू डझनभर अंडी घेऊन आलास आणि मी ओट्यासमोर उभी राहिले. भांडण नाही केलं. म्हटलं, खायचं ते खा, प्यायचं ते पी, माझ्या ओट्यावर नको. तू जरा विचार केलास आणि विचारलंस, ‘बाल्कनी ओट्यात धरतेस का?’ मी म्हटलं, नाही. झालं. पुढच्या शनिवारी तू फ्लोमार्क्टच्या जुन्या बाजारातून एक जुनी हॉटप्लेट घेऊन आलास.

तेव्हापासून दर डिसेंबरात तो तमाशा. केलरमधून खोकं वर यायचं. त्यात ती हॉटप्लेट, तुझं अंड्याचं पातेलं, फेटणी, चाळणी. अंगात तुझं निळं जाकीट, डोक्याला आईंनी पाठवलेली वानरटोपी, आणि समोर पाण्याच्या पातेल्यावर अंड्याचं पातेलं. बलक, साखर, साय, व्हॅनिला, मग तुझं ते जायफळ आणि वेलची. तू फेटत उभा. तोंडातून वाफ, पातेल्यातून वाफ. रम घालायच्या आधी एक वाटी सईची बाजूला निघायची, ती काचेच्या आतल्या बाजूला नाक लावून वाट बघत असायची. उरलेला पांढरा भाग डब्यात भरून तू फ्राऊ लेहनरकडे द्यायचास. ती त्याचे खोबऱ्याचे माक्रोनं, बिस्किटांसारखे, करून प्रेमाने आपल्याकडेच पाठवायची, आणि अंड्याचे म्हणून मी ते खायचे नाही. ही देवाणघेवाण इतकी वर्षं चालली आणि त्यातून माझ्या पदरी कधी काही पडलं नाही.

हे खरं एगनॉग की त्यांचं अंड्याचं दाट मद्य, आयरलिकर, यावरून फ्राऊ लेहनरची आणि तुझी दरवर्षी जुंपायची. ती म्हणायची, आयरलिकर चमच्याने खाता आलं पाहिजे. तू म्हणायचास, एगनॉग गटागटा पिता आलं पाहिजे. तुझं ना धड हे, ना धड ते. सई त्याला नुसतं ‘पिवळं’ म्हणायची, तेच सगळ्यांत बरोबर होतं. एकदा इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर वर आला होता, बाल्कनीत चूल पेटवायला बंदी आहे म्हणून बजावायला. तू त्याला हॉटप्लेट दाखवलीस, मग एक पेला दिलास. तो जाताना जिन्याचा कठडा धरून उतरला.

आणि दर थोड्या वेळाने तू दार किलकिलं करून आत डोकं घालायचास. काहीतरी हवं असायचं. चमचा, फडकं, केशराची डबी. ते हातात पडलं की पुन्हा बाहेर जाता जाता म्हणायचास, ‘दार लाव गं, घर गार होतंय.’ मी दार लावायचे. आतून.

एक वर्ष तुला आठवतं का, सई अगदी लहान होती आणि बाहेर असा गारठा होता की बाल्कनीच्या कठड्यावर बर्फाची बोटभर रांग बसली होती. तुझे हात लाल झालेले मला काचेतून दिसत होते. मी दार उघडलं आणि म्हटलं, ‘ये आत. ओट्यावर कर. मी नंतर पुसून घेईन.’ हे म्हणायला मला काय काय गिळावं लागलं होतं ते तुला सांगून उपयोग नव्हता. तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस. ‘नको. मला इथेच बरं आहे,’ म्हणालास.

मला ते झोंबलं. मी एवढी पुढे आले आणि हा माणूस बाहेरच उभा राहणार. म्हणजे बघणाऱ्याने म्हणायचं, बिचारा नवरा, बायको घरात घेत नाही. मी ते तुला ऐकवलंही. ‘तुला लोकांना दाखवायचंय,’ म्हटलं. तू म्हणालास, ‘काय दाखवायचंय?’ आणि फेटत राहिलास. ते भांडण आपण कधी पुरं केलं नाही. दर डिसेंबरात थोडं उकरून काढायचो आणि बाटल्या भरल्या की गाडून टाकायचो. मागच्या वर्षी मी तेही केलं नाही. नुसतं दार लावलं आणि इस्त्री करत बसले. पुढच्या वर्षी बघू, असं काही मनात आलं असेल तर तेही आठवत नाही.

तर आई ‘कर’ म्हणाल्या. मी सईला सांगितलं, करू या, शनिवारी केलरमधून खोकं आणू. ती म्हणाली, खोकं कशाला, आत करायचं.

‘आत नको गं. आपल्याकडे ते बाहेर होतं.’

‘आपल्याकडे नाही. तुझ्याकडे.’ ती शांतपणे बोलत होती, तुझ्यासारखीच. राग आला की तुझाही आवाज खाली जायचा. ‘तू पापाला दरवर्षी थंडीत बाहेर उभं केलंस. कुत्र्याला ठेवतात तसं. मी काचेतून बघायचे. मला तेव्हा गंमत वाटायची. आता नाही वाटत.’

मंदार, मला उत्तर येत नव्हतं असं नाही. म्हणता आलं असतं, त्यानेच कबूल केलं होतं. म्हणता आलं असतं, मी बोलावलं होतं, तोच आला नाही. पण जो माणूस आता काही सांगू शकत नाही त्याच्यावर ढकलायचं, तेही त्याच्या लेकीसमोर, हे काही मला जमेना. आणि खरं सांगू का, मलाही खात्री नव्हती. तू ‘बरं आहे’ म्हणालास ते खरंच बरं होतं की मला लावलेला टोमणा होता, हे मला इतक्या वर्षांत कुठे कळलं होतं? मी तिला म्हटलं, ‘जेवून घे.’ ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

पुढचा आठवडा असाच गेला. ती शाळेला जायची, यायची, कानात ते हेडफोनचं बोंडूक घालून बसायची. मी विचारलं की ‘या’ किंवा ‘नाइन’, हो किंवा नाही, एवढंच. ताट विसळून ठेवायची, गुड नाइटही म्हणायची, त्यामुळे रागावायलाही जागा नाही. या घरात आता आम्ही दोघीच उरलोय. तिच्या मनात माझं चित्र एकदा तसं बसलं, बापाला गारठ्यात उभं करणारी बाई, तर ते पुसायला तू नाहीस, आणि मी पुसायला गेले तर आणखी फिसकटणार. मला याची भीती वाटत होती. आम्टाच्या कागदांची नाही वाटत, याची वाटत होती. ऑफिसात चाचणीचे निकाल बघताना स्क्रीनवरच्या ओळी वाचायचे आणि काहीच डोक्यात शिरायचं नाही.

शनिवारी मी ठरवलं, हे प्रकरण मिटवून टाकू. बाजारहाट करून येताना प्रत्येकाला सांगून टाकायचं, यंदा होणार नाही, आणि बाटल्या परत करायच्या. सईला म्हटलं, चल, पिशव्या जड असतात. ती आली. दुपारी आम्ही सायकली मागच्या अंगणात लावत होतो, तेव्हा फ्राऊ लेहनर दिसली.

ती तिच्या तळमजल्याच्या ओसरीवर उभी होती. लांब कोट, लोकरी टोपी, बोटं उघडी असलेले हातमोजे. बागेतल्या टेबलावर एक छोटी विजेची शेगडी, शेगडीवर पातेलं, त्यात आणखी एक पातेलं. आणि बाई फेटतेय. ऐंशी ओलांडलेली बाई, अधूनमधून एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत, तशा कडाक्यात.

मी कुंपणापाशी जाऊन म्हटलं, ‘फ्राऊ लेहनर, इथे कशाला उभ्या आहात? गारठाल.’

‘एक मिनिट, हात थांबवता येत नाही,’ ती म्हणाली. ‘आल्झो, म्हणजे काय, बाहेर नाही तर कुठे करणार? आत फुटतं ना.’

‘आत फुटतं?’

‘तुमच्या मिस्टरांनीच शिकवलंय. मी जन्मभर स्वयंपाकघरात करत आले, आणि दर दुसऱ्या वर्षी गुठळ्या. माझी आई म्हणायची, तुझा हात अधीर आहे. मग एकदा त्यांना वर बघितलं, टोपीबिपी घालून. विचारलं, बाहेर का हो? म्हणाले, आमच्याकडची पद्धतच आहे ही. हे उघड्यावरच करायचं असतं, थंडीत. आत केलं की अंडं बिघडतं.’ ती फेटणी वर उचलून धार बघायला लागली. ‘मला वाटलं, थट्टा करतायत. पण करून बघितलं. तेव्हापासून एकदाही फुटलं नाही. शेगडी तापतच नाही जास्त, थंडी तिला तापू देत नाही. गेनाऊ, अगदी इतकं सोपं. आणि माझ्या आईला काय वाटलं असतं?’

सई माझ्या बाजूला पिशव्या धरून उभी होती. तिने विचारलं, ‘पापा असं म्हणाला? पद्धत आहे म्हणून?’

‘हो तर. दरवर्षी वरून ते, खालून मी. एकदम सुरू करायचो.’ फ्राऊ लेहनर हसली. ‘ते शीळ घालायचे. फार बेसूर. मी ओरडून सांगायचे, हेर मंदार, दुसरं काहीतरी वाजवा. तर म्हणायचे, वर्षातला हा एवढाच वेळ मला कोणी काही विचारत नाही, आता तुम्ही सुरू करू नका.’

मला तुझी शीळ कधी ऐकूच आली नाही, मंदार. या घरांची दारं तुला माहीत आहेत. एकदा लावली की बाहेर मिरवणूक गेली तरी आत पत्ता नाही. मी काचेतून बघायचे ते तुझे लाल हात आणि तोंडातली वाफ. ती वाफ शिळेची होती. तुझं पुढे काढलेलं तोंड बघून मला वाटायचं, थंडीने ओठ आवळलेत. इतकी वर्षं मी आत इस्त्री करत तुझ्यावर फणफणत होते, आणि तू बाहेर मजेत, बेसूर.

आणि तू तिला खरं सांगितलं नाहीस. ‘बायको घरात करू देत नाही’ म्हणणं किती सोपं होतं. सगळे हसले असते, तूही हसला असतास, कोणी वाईट मानलं नसतं. तू त्याऐवजी ती बाष्कळ पद्धत बनवलीस आणि इतकी वर्षं ती सांभाळलीस. का, ते कळायला मला कोणाची गरज नाही. पण मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर? मी विचारलं तेव्हा वळून एवढंच म्हणायचं होतंस, अगं, इथे खरंच छान वाटतं, जरा माझ्या मनासारखं असू दे. ते नाही सांगितलंस. कौतुक करू की भांडू, ते मला अजून ठरवता येत नाहीये. दोन्ही करायला तू हवास.

फ्राऊ लेहनरला मी खरं सांगणार होते. सांगायला तोंडही उघडलं. एक म्हातारी बाई तुझ्या थापेपायी थंडीत उभी आहे, हे काही बरोबर नव्हे. पण तेवढ्यात तिने चमच्यावर थोडं काढून सईपुढे धरलं. रम अजून घातलेली नव्हती. सईने चाखलं आणि म्हणाली, ‘आमचं याहून पातळ असतं.’ ‘छे,’ बाई म्हणाली, ‘तुमचं चूकच असतं.’ आणि मला हसू आलं. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि ते इतकं अवचित आलं की घशात अडकून त्याचा खोकला झाला. बाटल्या परत करायचं राहून गेलं.

जिन्यात सईने विचारलं, ‘खरं आहे ते? आपल्याकडे अशी पद्धत आहे?’

‘नाही. पद्धतबिद्धत काही नाही. मला माझ्या ओट्यावर अंडं नको होतं, म्हणून तो बाहेर गेला.’

‘मग नंतर आत का नाही आला?’

‘मी बोलावलं होतं एकदा. इथेच बरं आहे, म्हणाला. मला ते खरं वाटलं नाही.’

वर पोचेपर्यंत दोन्ही पिशव्या तिनेच धरल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार, सगळं बंद. सोमवारी ऑफिसातून येताना मी अंडी आणली. आयुष्यात पहिल्यांदा. दुकानात त्या फळीपुढे मी कितीतरी वेळ उभी होते. अंड्यावर कोंबडी कशी पाळली त्याचे आकडे छापलेले असतात हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. शेवटी सईला फोन केला, तिने सांगितलं कोणते आकडे घ्यायचे. पिशवी सायकलच्या टोपलीत ठेवून इतक्या हळू आले की मागची सायकल घंटा वाजवून वाजवून थकली.

आधी निकाल सांगते म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही. जमलं. पातळ झालं, म्हणजे तुझ्यासारखंच झालं. जायफळ आईंनी सांगूनही जास्तच पडलं, कारण सईने तुझ्यासारखंच डोळे मिटून किसलं. फुटलं नाही. तिन्ही बाटल्या भरून दारोदार ठेवून आलो, चौथी फ्राऊ लेहनरच्या माक्रोनंबरोबर आपल्या फ्रिजमध्ये आहे. मी चाखलं का, ते विचारू नकोस. तो विषय आपल्यात मिटलेला नाही, आणि मी तो एकटीने मिटवणार नाही.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या संध्याकाळी सई घरी यायच्या आत मी ओटा मोकळा केला. मिक्सर, डबे, मसाल्याचा डबा, सगळं जेवणाच्या टेबलावर नेलं. मधल्या शेगडीवर माझं पातेलं ठेवलं. माझं, रोजच्या दुधाचं, स्टीलचं. शेजारी अंड्याचं खोकं. हे करताना हाताला काही झालं नाही, तुला खोटं वाटेल. कशालाच काही होण्याइतकी ताकद आता उरलेली नाही, हेही असेल. सई आली, तिने ओट्याकडे बघितलं.

‘आत कर,’ मी म्हटलं. ‘मीच म्हणतेय. मी नंतर पुसून घेईन.’

ती किल्ली घेऊन खाली गेली आणि केलरमधून खोकं वर घेऊन आली. हॉटप्लेट पुसली. तुझं अंड्याचं पातेलं धुतलं. खुंटीवरचं तुझं निळं जाकीट, ज्याला मी अजून हात लावलेला नाही, ते तिने अंगात घातलं. बाह्या दोनदा दुमडल्या. खिशात वानरटोपी होती, ती डोक्यावर ओढली. अंडी उचलली आणि बाल्कनीत गेली. माझं स्टीलचं पातेलं शेगडीवर रिकामंच राहिलं.

मी काचेतून बघत होते. तिने फेटायला सुरुवात केली. खालून फ्राऊ लेहनरने काहीतरी विचारलं असावं, कारण सई कठड्यावरून वाकून बोलली. मग पुन्हा फेटणी. बलक, साखर, साय. पाठमोरी ती तुझ्याहून लहान दिसत होती, इतकंच.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. केशराची डबी हवी होती. मी दिली. तिचे हात लाल झाले होते. नाकाचा शेंडाही. मी काहीतरी म्हणणार होते, आत ये, किंवा पुरे आता, आठवत नाही. ती पातेल्याकडे वळता वळता म्हणाली, मराठीत, तुझ्याच हेलात, ‘आई, दार लाव गं, घर गार होतंय.’

मी खुर्चीवरची शाल घेतली, पायात तुझ्या त्या मोठ्या सपाता सरकवल्या, बाहेर आले, आणि पाठीमागे दार ओढून घेतलं.